औषधाविना निद्रा : शिरूर-दौंड परिसरातील दीर्घकालीन रुग्णांच्या निद्रासुधारणेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात दिवसाच्या घडामोडींना स्थान मिळते; रात्रीची नोंद क्वचितच घेतली जाते. लढाया, तह, कायदे आणि चळवळी यांचा तपशील ग्रंथबद्ध होतो. परंतु सामान्य माणूस कसा झोपला, आजारी माणसाची झोप कशाने मोडली आणि ती परत मिळावी म्हणून समाजाने कोणते उपाय योजले, हे प्रश्न बहुधा वैद्यकावर सोपवून दिले जातात. वस्तुतः ते आरोग्याच्या सामाजिक इतिहासाचे प्रश्न आहेत.

मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, दमा हे आजार वर्षानुवर्षे माणसाची सोबत करतात. त्यांच्याबरोबर निद्रानाशही घरात वस्तीला येतो. मधुमेही व्यक्तीला लघवीसाठी रात्री वारंवार उठावे लागते, सांधेदुखीच्या रुग्णाला कूस बदलताना जाग येते, दम्याच्या रुग्णाला पहाटे धाप लागते. झोप अपुरी झाली की वेदना अधिक जाणवतात, रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे कठीण जाते आणि मन खचते. अशा वेळी झोपेची गोळी हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. मात्र आधीच अनेक औषधे घेणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत तोल जाऊन पडणे, विस्मरण, श्वसन मंदावणे आणि गोळीची सवय लागणे हे धोके संभवतात. म्हणूनच औषधाविना झोप सुधारण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आज महत्त्वाचा ठरतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. दौंड तालुक्याच्या सीमेलगत, हवेली तालुक्यातील उरुळी कांचन येथे १९४६ मध्ये महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचा प्रयोग सुरू केला. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात त्यानंतर साठ वर्षांनी, २००६-०७ मध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या झोपेविषयीची माहिती एका आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी गोळा करण्यात आली. एका ठिकाणी उपचार झाला, दुसऱ्या ठिकाणी मोजमाप झाले. या दोन घटनांना जोडणारा धागा शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. औषधाविना निद्रासुधारणेच्या भारतीय व आधुनिक विचारांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. उरुळी कांचन येथील प्रयोगाचे निद्रेच्या दृष्टीने मूल्यमापन करणे.
३. वढू येथील पाहणीच्या निष्कर्षांचा अर्थ लावणे.
४. शिरूर-दौंड परिसरातील बदललेल्या रात्रीचा आणि रुग्णांच्या झोपेचा संबंध तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

परंपरेतील निद्राविचार

आयुर्वेदाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रानाशाची कारणे सांगताना शारीरिक व्याधींबरोबरच चिंता, भय, क्रोध, अतिश्रम आणि गैरसोयीची शय्या यांचाही उल्लेख येतो. तेथे सुचवलेल्या उपायांत अभ्यंग, स्नान, अंग रगडणे, दूध व स्निग्ध आहार, सुगंध, मनाला रुचणारे ध्वनी आणि सुखकर अंथरूण यांचा समावेश आहे. झोप ही केवळ शरीराची क्रिया नसून मन, आहार, निवास व दिनक्रम यांच्या मेळातून ती साधते, ही दृष्टी या विवेचनामागे दिसते.

ग्रामीण जीवनात ही दृष्टी ग्रंथांविनाही रुजलेली होती. दिवेलागणीनंतर लवकर जेवण, तळपायाला तेल चोळणे, उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपणे आणि पहाटे उठणे हा क्रम घरोघरी होता. खंडोबाचे जागरण किंवा एकादशीचे भजन अशा प्रसंगी लोक रात्र जागवीत. पण ते जागणे ठरावीक, सामूहिक आणि अर्थपूर्ण असे. रोजचे एकाकी जागरण मात्र दुखणे समजले जाई.

आगाखान पॅलेस ते उरुळी कांचन

निसर्गोपचाराच्या आधुनिक प्रवाहाचा उगम प्रामुख्याने जर्मनीत आढळतो. लुई कुन्हे यांची कटिस्नानाची पद्धती आणि अडॉल्फ युस्ट यांचा निसर्गाकडे परतण्याचा विचार यांचा गांधीजींवर दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यापासून प्रभाव होता. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यविषयक पुस्तक लिहिले. पृथ्वी, जल, आकाश, तेज व वायू या पंचमहाभूतांच्या आधारे आरोग्याचा विचार करताना त्यांनी उघड्या आकाशाखाली झोपण्याचा आग्रह धरला. गांधीजी स्वतः उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

सुटकेनंतर पुणे स्टेशनजवळील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी वास्तव्य केले. तेथे गरिबांसाठी निसर्गोपचाराचे मोठे केंद्र उभारण्याचा विचार पुढे आला. परंतु ज्याची सेवा करावयाची तो गरीब मनुष्य खेड्यात राहतो आणि खर्चिक साधनांची ही पद्धती शहरात रुजवून त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. पुणे-दौंड लोहमार्गावरील उरुळी कांचन या गावाची त्यामुळे निवड झाली. २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी तेथे पोहोचले. कॅबिनेट मिशनशी होणाऱ्या वाटाघाटींसाठी दिल्लीला जाणे भाग असल्याने ३० मार्चला त्यांनी गाव सोडले. देशाचे भवितव्य ठरत असताना त्यांनी या आठवड्यात खेड्यातील रुग्ण तपासले, त्यांना आहार, सूर्यस्नान, कटिस्नान आणि रामनाम सुचवले.

पुढे या कार्याची धुरा मणिभाई देसाई (१९२०-१९९३) यांनी वाहिली. त्यांनी निसर्गोपचार आश्रमाबरोबरच शेती, गोपालन, शिक्षण आणि सहकार या क्षेत्रांत काम उभे केले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. रुग्णाचा उपचार आणि गावाची सुधारणा ही दोन कामे येथे वेगळी मानली गेली नाहीत, हे या प्रयोगाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

आश्रमीय दिनचर्या आणि झोपेचे शास्त्र

निसर्गोपचाराच्या आश्रमात रुग्ण मुख्यतः दीर्घकालीन आजारांसाठी येतो. तेथे झोपेसाठी स्वतंत्र औषध दिले जात नाही. संपूर्ण दिवसच झोपेला अनुकूल असा बांधला जातो. पहाटे ठरावीक वेळी उठणे, प्रार्थना, योगासने, फिरणे, उन्हात बसणे, मातीची पट्टी, कटिस्नान, मालीश, हलका आहार, सूर्यास्ताच्या सुमारास रात्रीचे जेवण आणि लवकर निजणे हा क्रम असतो. चहा, कॉफी, तंबाखू व मद्य वर्ज्य असते.

आजच्या निद्राविज्ञानाच्या कसोटीवर या दिनचर्येतील बऱ्याच गोष्टी टिकतात. रोज एकाच वेळी उठल्याने आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने शरीरातील जैविक घड्याळ नियमित राहते. दिवसभराच्या हालचालीमुळे रात्री झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन अनेक तास शरीरात राहते. त्यामुळे ते टाळण्याचा लाभ होतो. निजण्यापूर्वी एक-दोन तास कोमट पाण्याने स्नान केल्यास किंवा त्यात पाय बुडवून बसल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरांतर्गत तापमान उतरू लागते आणि झोप लवकर लागते. मधुमेही रुग्णाने मात्र पायांची संवेदना कमी झाली असल्यास पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घेणे आवश्यक आहे. नामस्मरणाकडे श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले जाते. तथापि एका शब्दावर मन स्थिर केल्याने विचारांची गर्दी कमी होते, हा त्याचा मानसिक परिणामही नाकारता येत नाही.

तथापि मातीची पट्टी किंवा कटिस्नान यांनीच झोप सुधारली, असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरणार नाही. नियमितता, उजेड, श्रम, आहार आणि घरच्या चिंतांपासून मिळालेली उसंत यांचा तो एकत्रित परिणाम असतो. आश्रमातून घरी परतलेल्या रुग्णाची झोप पुन्हा का बिघडते, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

गोळीचे युग आणि त्याला मिळालेला पर्याय

१९०३ मध्ये बार्बिटाल या औषधाचा शोध लागला आणि झोप बाजारात विकत मिळू लागली. अधिक मात्रेमुळे होणारे मृत्यू व व्यसनाधीनता यांमुळे या औषधांची प्रतिष्ठा ओसरली. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ मध्ये डायझेपाम ही बेंझोडायझेपिन वर्गातील औषधे आली. ती तुलनेने सुरक्षित ठरली. परंतु दीर्घकाळ सेवनाने सवय लागते, हे कालांतराने स्पष्ट झाले.

याच काळात औषधाविना उपायांचा शास्त्रीय अभ्यासही आकारास येत होता. पुणे जिल्ह्यातच, लोणावळा येथे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो झोपेविषयी नव्हता. मात्र दीर्घकालीन रुग्णाला जाणीवपूर्वक शिथिल होण्याचे शिक्षण देता येते, हे त्यातून पुढे आले.

अमेरिकेत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये अंथरूण आणि झोप यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडण्याची पद्धती मांडली. झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, बराच वेळ झोप न आल्यास उठून शांत काहीतरी करावे, अंथरुणात काळजी करीत पडू नये आणि रोज ठरल्या वेळी उठावे, हे तिचे सार होय. आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करून तो हळूहळू वाढवण्याची पद्धती सांगितली. या दोन्ही पद्धती, शिथिलीकरण आणि झोपेविषयीच्या चुकीच्या समजुतींची दुरुस्ती यांतून निद्रानाशासाठीचा बोधात्मक वर्तनोपचार सिद्ध झाला.

दीर्घकालीन रुग्णांच्या दृष्टीने २००५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असे तोवर मानले जाई व निद्रानाशाला दुय्यम लक्षणाचे स्थान होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या वर्षी भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने निद्रानाश हा आजाराचा सहचर आहे आणि त्याच्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे, ही भूमिका पुढे आणली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शारीरिक व मानसिक आजारांसोबत निद्रानाश असलेल्या रुग्णांवरील ३७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात वर्तनोपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के, तर तुलनेच्या गटातील सुमारे १७ टक्के रुग्ण निद्रानाशातून मुक्त झाल्याचे दिसले. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीपूर्वी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस केली.

वढूची नोंद

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली वढू परिसरात ग्रामीण आरोग्यसेवेचे काम उभे केले. त्या कार्यासह केलेल्या सेवेबद्दल १९९३ मध्ये डॉ. कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्यपूर्ण नोंद ठेवली जाऊ लागली. या पायावर जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असा ज्येष्ठांच्या आरोग्याचा अभ्यास येथे करण्यात आला. आशिया व आफ्रिकेतील आठ देशांतील पन्नास वर्षे व त्यावरील ४० हजारांहून अधिक व्यक्तींचा त्यात समावेश होता. झोपेविषयीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आठही देशांत मिळून १६.६ टक्के व्यक्तींनी झोपेची तीव्र अथवा अतितीव्र अडचण सांगितली. बांगलादेशातील केंद्रात हे प्रमाण स्त्रियांमध्ये ४३.९ टक्के व पुरुषांमध्ये २३.६ टक्के होते. वढू येथे मात्र ते स्त्रियांमध्ये केवळ ६.५ टक्के व पुरुषांमध्ये ४.३ टक्के आढळले. झोपेच्या तक्रारीचा सर्वांत दृढ संबंध नैराश्य व चिंता यांच्याशी असल्याचेही दिसून आले.

वढूचा हा आकडा समाधानकारक मानून थांबणे इतिहासाच्या अभ्यासकाला शक्य नाही. प्रत्येक साधनाप्रमाणे पाहणीच्या आकड्यालाही संदर्भ असतो. मागील तीस दिवसांत झोप लागणे, मध्ये जाग येणे वा पहाटे लवकर जाग येणे यांचा किती त्रास झाला, हे उत्तरदात्याने स्वतः सांगावयाचे होते. कष्टकरी वृद्ध मनुष्य झोपमोडीला आजार मानत नाही. वयोमानाने असे व्हायचेच, अशी त्याची समजूत असते. घरात सर्वांनंतर निजणारी व सर्वांआधी उठणारी स्त्री आपल्या जागरणाची तक्रार कोणाकडे करणार, हाही प्रश्न आहे. दुसरीकडे एकत्र कुटुंब, शेतातील श्रम आणि पहाटेचा उजेड यांचा खरोखर लाभ झाला असण्याचीही शक्यता आहे. त्यामुळे हे प्रमाण म्हणजे न बिघडलेल्या झोपेचा पुरावा आणि न सांगितलेल्या दुःखाची खूण, अशा दोन्ही अंगांनी वाचावे लागते.

शिरूर-दौंडची बदललेली रात्र

या परिसरातील रात्र गेल्या दीड शतकात अनेकदा बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग जोडला गेल्यावर दौंड हे महत्त्वाचे जंक्शन बनले. गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे जागणारा व दिवसा झोपणारा कामगारवर्ग त्यातून निर्माण झाला. पुढे रांजणगाव, सणसवाडी व कुरकुंभ येथील कारखान्यांनी तीन पाळ्यांचे जीवन खेड्यांत आणले. ज्या कामगाराची पाळी आठवड्याला बदलते, त्याला रोज एकाच वेळी झोपा हा सल्ला पाळता येत नाही. त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्यांच्या व जेवणाच्या वेळाही विस्कळीत होतात.

शेतकऱ्याची स्थिती याहून निराळी नाही. भीमा व घोड नद्यांच्या खोऱ्यात, कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. कृषिपंपांना आलटून पालटून दिवसा व रात्री वीज मिळू लागल्यापासून मध्यरात्री दारे धरण्यासाठी शेतात जाणे हा अनेक कुटुंबांचा दिनक्रम झाला. उसाच्या आश्रयाने बिबट्यांचा वावरही वाढला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत बालके व वृद्ध यांचा मृत्यू झाल्यानंतर गावोगावी रात्र भयाची झाली. ज्या भूप्रदेशालगत गांधीजींनी उघड्या आकाशाखाली झोपण्याचा पुरस्कार केला, तेथे आज अंगणात बाज टाकणे धोक्याचे ठरले आहे. चरकसंहितेने निद्रानाशाच्या कारणांत भयाची गणना केली आहे, याचे येथे स्मरण होते.

या पार्श्वभूमीवर शेतीला दिवसा वीज पुरवण्याच्या धोरणाकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहावे लागते. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही ऊर्जाविषयक योजना आहे. परंतु तिची पूर्ण अंमलबजावणी झाल्यास रात्री पाणी देणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला कोणत्याही गोळीपेक्षा अधिक झोप मिळू शकेल.

औषधाविना उपायांच्या मर्यादा

औषधाविना निद्रा याचा अर्थ झोपेच्या गोळीविना निद्रा असा घेणे आवश्यक आहे. मूळ आजारावरील औषधे सोडणे असा त्याचा अर्थ होत नाही. निसर्गोपचाराच्या इतिहासात या दोहोंची गल्लत अनेकदा झाली आहे. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा दम्याचा फवारा बंद केल्यास झोप तर नाहीच, उलट जीव धोक्यात येतो. उलटपक्षी औषधांच्या वेळा बदलून झोप सुधारणे शक्य असते. लघवी वाढवणारी गोळी सायंकाळऐवजी सकाळी घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे. दीर्घकाळ घेतलेली झोपेची गोळीही एकदम न थांबवता वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही निद्राश्वसनरोधाची लक्षणे आहेत. त्यांवर केवळ दिनचर्येने भागत नाही, तपासणी आवश्यक असते. अंथरुणातील वेळ कमी करण्याची पद्धती अपस्मार किंवा तीव्र मनोविकार असलेल्यांनी, तसेच वाहन वा यंत्र चालवणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याविना अवलंबू नये.

निष्कर्ष

१. आयुर्वेद, निसर्गोपचार आणि आधुनिक वर्तनोपचार यांची परिभाषा भिन्न असली, तरी नियमित दिनक्रम, मनाची शिथिलता आणि शय्येचा योग्य वापर यांवर त्यांचा भर समान आहे.
२. उरुळी कांचनच्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व विशिष्ट उपचारांपेक्षा उपचार व ग्रामसुधारणा यांच्या एकत्रीकरणात अधिक आहे.
३. वढू येथील अल्प प्रमाणाचा अर्थ लावताना न सांगितलेल्या तक्रारींचा विचार करणे आवश्यक आहे. विशेषतः स्त्रियांच्या झोपेचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.
४. पाळीचे काम, रात्रीचे सिंचन व वन्यप्राण्यांचे भय ही कारणे वैयक्तिक सवयींनी दूर होणारी नाहीत. त्यांसाठी सार्वजनिक धोरणाची गरज आहे.
५. २०१८ नंतर स्थापन झालेल्या व २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांत मधुमेह व रक्तदाब तपासताना रुग्णाला झोपेविषयी एक प्रश्न विचारणे आणि वर्तनोपचाराची सोपी सूत्रे मराठीत समजावून सांगणे अल्पखर्चात शक्य आहे.

समारोप

दीर्घकालीन आजाराने ग्रासलेल्या माणसाला झोप मिळवून देण्याचा मार्ग त्याच्या अंथरुणापासून सुरू होतो; पण तो तेथेच संपत नाही. तो त्याच्या जेवणाच्या वेळेतून, कारखान्याच्या पाळीतून, कृषिपंपाच्या वेळापत्रकातून आणि गावाच्या सुरक्षिततेतून जातो. १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे रुग्ण आणि गाव यांचा एकत्र विचार झाला. तो विचार शिरूर-दौंडच्या आजच्या रात्रीला लागू करणे हे या परिसरातील आरोग्यसेवेपुढील, ग्रामपंचायतींपुढील आणि महाविद्यालयीन संशोधनापुढीलही कार्य आहे.